घर ओढणाऱ्या बाई

पहाटे ५.१०. एल्कहार्ट, इंडियाना. कारखान्यामागच्या आवारात पांढरी घरं ओळीनं उभी आहेत. सगळी चाकांवरची. अमेरिकेतली माणसं सुट्टीला गाडीमागे जोडून जी घरं नेतात, त्यांतली बहुतेक याच भागात तयार होतात. फाटकातून अमिश पंथाचे कामगार सायकलींवरून आत शिरतायत. स्वतः मोटार चालवत नाहीत. मोटारीमागे पळणारी घरं मात्र बांधतात.

बाईंच्या हातात टॉर्च. अठ्ठावन्न वर्षांच्या, आधी शाळेची बस चालवायच्या. आता स्वतःची डिझेल पिकअप आहे, मागे डावीउजवीकडे दोन-दोन चाकांची. कंपनी मैलावर पैसे देते. गाडी बाईंची, हप्ता बाईंचा, डिझेल आणि टायरही बाईंचे. शेजारच्या सीटवर मला बसू द्यायला कंपनीचं लेखी पत्र लागलं. ते आणलंय हे त्यांनी आधी बघितलं, मग गुड मॉर्निंग म्हणाल्या.

आजचं घर पस्तीस फुटी, वजन पाच टन. पोचवायचंय ओमाहाजवळ एका डीलरकडे, ५६० मैलांवर. म्हणजे नऊशे किलोमीटर.

आधी फोटो. चारी बाजू, छताच्या कडा, खिडक्या, टायर. एका पत्र्यावर नखाएवढा ओरखडा सापडला. त्याचे तीन फोटो. "इथं दिसला तर कारखान्याचा. तिथं दिसला तर माझा."

५.३५. जोडणी. पिकअपच्या हौद्यात मधोमध लोखंडी हिच बसवलाय. बाई इंचाइंचानं मागे येतात. ट्रेलरच्या नाकाखालची जाड पिन हिचमध्ये शिरते, जबडा खट्‌कन मिटतो. त्या खटक्यावर बाईंचा विश्वास नाही. खाली उतरून टॉर्चनं बघतात. मग ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक धरून गाडी पुढे ओढून बघतात. सुटला नाही. आता पाय वर.

पाय उचलले तसं नऊशे किलो ओझं हौद्यावर आलं आणि गाडी मागून बसली. दिवे आकाशाकडे. बाईंनी डॅशबोर्डखालचं बटण दाबलं. मागच्या ॲक्सलवर स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला रबरी एअरबॅगा आहेत. रिकाम्या गाडीत त्यांत पाच पौंड हवा असते, आता पन्नास भरली. टेप काढून चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजली. बरोबर.

एअरबॅगांचे साडेचारशे डॉलर. हिचही साधा नाही, त्यातही हवेची उशी आहे. त्याचे अडीच हजार. "नवऱ्यानं वेड्यात काढलं," बाई म्हणतात. "त्याला म्हटलं, तू ये एकदा शेजारी बसून. आला. परत आल्यावर काही बोलला नाही."

६.०५. निघालो. आवारातच ताशी वीस मैलांवर फक्त ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबून बघितली. मागून ओढ आली, चाकं घासली नाहीत. एवढी ओढ हवी. कमी असली तर सगळं थांबवायचं काम पिकअपच्या ब्रेकवर आणि बाईंच्या पायावर येतं.

७.००. टोल रोडवरचा पहिला थांबा. माझ्या फोननं सहा दाखवले. मधल्या एका काउंटीच्या हद्दीवर वेळ बदलते. पण गाडीतलं लॉगबुकचं यंत्र एल्कहार्टचीच वेळ धरून चालतं, म्हणून मीही तीच लिहितोय. कायद्यानं बाईंना दिवसात अकरा तास स्टिअरिंग धरता येतं, आणि तेही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. पाच दहाला सुरू झालेलं घड्याळ सात दहाला संपणार. चहाला थांबलं तरी ते थांबत नाही.

नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांत ढिले होऊ शकतात. बाई टॉर्क पाना काढतात. पाना ठरलेल्या ताणाला 'टिक' करतो. एकेक नट, टिक, टिक. एक नट टिक करण्याआधी पाव फेरा फिरला. बाईंनी माझ्याकडे बघितलं फक्त.

८.१५. शिकागोच्या दक्षिणेकडून. ट्रकच ट्रक. रस्ता सिमेंटचा आणि दर काही फुटांवर सांधा. पिकअपची पुढची चाकं सांध्यावर, मग मागची, मग ट्रेलरची. प्रत्येक वेळी ट्रेलरचं नाक वर-खाली होतं, पिनमधला सैलपणा पुढे-मागे खेळतो आणि तो धक्का थेट कंबरेत येतो. एकदा ताल जमला की अख्खी गाडी डुलायला लागते.

"आता बघ," म्हणत बाई बासष्टवरून सत्तावन्नवर आल्या. ताल मोडला. धक्के राहिले, पण सुटे सुटे. अडीच हजारांच्या हिचनं जे होत नाही, ते पाच मैल वेग कमी केल्यानं होतं. फुकट.

१०.३०. इलिनॉय. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका. बाई दर दोन तासांनी थांबतात. कायदा आठ तास गाडी चालवल्यावर अर्धा तास थांबा म्हणतो. कंबर तेवढं थांबत नाही. दहा मिनिटं ट्रेलरभोवती फेऱ्या. हातात पिस्तुलासारखा थर्मामीटर. प्रत्येक टायर, प्रत्येक हब. डाव्या बाजूचे टायर जास्त गरम निघाले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. पश्चिमेला चाललोय, डावी बाजू दक्षिणेची, ऊन तिकडून. एकाच बाजूचा एकच हब तापला असता तर तिथंच जॅक लावला असता.

त्यांची बैठक मी सकाळपासून बघतोय. पाकीट मागच्या खिशात कधीच नाही, ते दाराच्या कप्प्यात. एका कुल्ल्याखाली पाकीट ठेवून दहा तास बसलं की पाय बधिर होतो. सीट जवळजवळ काटकोनात. खाली जेलची गादी, साठ डॉलरची. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. डाव्या हातावर कापडी बाही, कारण ऊन खिडकीतून याच हातावर येतं. खायला बदाम आणि सफरचंद. पाणी घोट घोट. मागे पाच टनांच्या घरात नवंकोरं संडास आहे, पण ते गिऱ्हाइकाचं.

१२.००. वॉलकॉट, आयोवा. मिसिसिपी ओलांडली. इथला ट्रकथांबा जगातला सगळ्यात मोठा म्हणवतो. १९६४ सालचा. न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, धोब्याची यंत्रं आहेत आणि पाठीची हाडं जागेवर बसवणारा डॉक्टरही. तो इथं कुणी आणि का बसवला असेल, हे सकाळपासून शेजारच्या सीटवर बसलेल्याला विचारावं लागत नाही.

डिझेल पावणेचार डॉलर गॅलन. बाईंनी डबा आणलाय, टर्कीचं सँडविच. आत जेवायचं तर पंधरा डॉलर. "तेवढ्यात चार गॅलन येतात." कॉफी तेवढी विकत.

२.४०. आयोवात वारा समोरून. साडेबारा फुटी उंच भिंत वाऱ्यात ओढत न्यायची. गाडीचा आकडा सकाळी गॅलनला साडेनऊ मैल दाखवत होता, आता पावणेआठ. बाईंनी क्रूझ कंट्रोल काढला. चढावर तो उगाच गिअर बदलतो, डिझेल पितो. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक घुरघुरतो, पाय मोकळा राहतो. ट्रकनं ओलांडलं की आधी हवा ढकलते, मग ओढते. बाई त्या आधीच स्टिअरिंग केसभर वळवून ठेवतात. ट्रक पुढे गेला की परत सरळ. असं दुपारभर.

बोलणं बंद झालं. वेग अठ्ठावन्न. डीलर पाचला बंद करतो, इकडच्या पाचला. दोघांनीही हिशोब केला, कुणी बोललं नाही.

६.२०. ओमाहा. इकडच्या घड्याळात पाच वीस. फाटकाला कुलूप. अकरा तासांतली वीसेक मिनिटं उरली आहेत. डीलरनं फाटकाबाहेरच्या खडीवर उभं राहायला सांगून ठेवलंय. बाईंनी गाडी सरळ लावली, चाकांना ओट लावली, परत फोटो काढले.

घराच्या किल्ल्या पाकिटात आहेत. आत मोठा पलंग, गादीवर अजून प्लास्टिक. फ्रीज, शॉवर, विजेवरची शेकोटीसुद्धा. पोचवायच्या घरात झोपायचं नाही, हे करारातच आहे. पिकअपची मागची सीट काढून बाईंच्या नवऱ्यानं तिथं प्लायवूडची फळी ठोकलीय, वर चार इंची फोम. बाईंची उंची पाच फूट चार. "बुटकी असण्याचा हा एक फायदा." मी रस्त्यापलीकडच्या मोटेलात खोली घेतली. बाईंनी नव्वद डॉलर ऐकून मान हलवली.

७.००. पेट्रोल पंपावरून हात-तोंड धुऊन आल्या. वहीत हिशोब. भरल्या मैलाला एक डॉलर ऐंशी सेंट, म्हणजे एक हजार आठ. जाताना डिझेल अडीचशे, येताना एकशे तीस धरायचं. टोल वेगळा. उरतात सहाशेच्या आसपास, दोन दिवसांचे. त्यातून हप्ता, विमा, सहा टायरांची झीज.

उद्या आठला फाटक उघडेल, सही होईल. मग बाई एअरबॅगांतली हवा पाच पौंडांवर आणतील आणि मागच्या चार टायरांतलीही ऐंशीवरून पन्नासवर. ओझ्यासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीत वाकत नाहीत. हवा सोडली नाही तर एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं एल्कहार्टपर्यंत जावं लागतं. परतीच्या ५६० मैलांचे पैसे मिळत नाहीत.