सेन्तो : जपानी आळीतले न्हाणीघर

दुपारचे तीन-चार वाजले की टोकियोच्या जुन्या वस्त्यांमध्ये एखाद्या दारावर निळा पडदा चढतो. त्यावर गरम पाण्यासाठीचे एकच अक्षर असते. सेन्तो, म्हणजे वस्तीचे सार्वजनिक न्हाणीघर, उघडल्याची ती खूण. आधी येतात म्हातारी माणसे, संध्याकाळी नोकरदार आणि रात्री उशिरा दुकाने बंद करून आलेले दुकानदार.

टोकियोत 2024 पासून मोठ्या माणसाला आंघोळीचे 550 येन पडतात. कमाल दर मालक ठरवत नाही, प्रांताचे शासन ठरवते. अंग स्वच्छ ठेवणे ही रोजची गरज आहे आणि ती प्रत्येकाला परवडली पाहिजे, हा त्यामागचा विचार. सेन्तोचे मोठेपण मला इथूनच सुरू होते असे वाटते. इथे निवांतपणा ही चैन नाही.

आतली रीत सोपी, पण पक्की. चपला-बूट दाराशी कप्प्यात ठेवायचे, कपडे काढून टोपलीत किंवा कपाटात. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा असतो. मधली भिंत मात्र छताला टेकत नाही, त्यामुळे जुनी जोडपी अजूनही भिंतीवरून एकमेकांना ‘निघायचं का?’ असे विचारू शकतात. नळापुढे बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग खसखसून घासायचे आणि फेसाचा थेंब न ठेवता धुवायचे. त्यानंतरच हौदात उतरायचे. हौद मळ काढण्यासाठी नसतोच. त्यातले पाणी सगळ्यांचे, म्हणून छोटा पंचासुद्धा पाण्यात बुडवत नाहीत. तो डोक्यावर घडी करून ठेवतात.

पाणी बहुधा 42 अंशांच्या आसपास, चांगले कढत. गळ्यापर्यंत बसले की पाच-दहा मिनिटांत खांदे सैलावतात. त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बाहेर आल्यावर शरीर आतली उष्णता सोडू लागते आणि आतले तापमान उतरत गेले की झोप येते. म्हणूनच झोपण्याआधी तास-दोन तास केलेली गरम आंघोळ गुणकारी ठरते.

बऱ्याच सेन्तोंत हौदामागच्या भिंतीवर फुजी पर्वत रंगवलेला असतो. ही प्रथा 1912 साली टोकियोच्या कांदा भागातल्या एका न्हाणीघरात सुरू झाली. रंगारी सुट्टीच्या एका दिवसात अख्खी भिंत रंगवून देतात. मावळता सूर्य आणि पानगळीची लाल पाने मात्र टाळतात, कारण धंद्याला उतरती कळा लागल्याचा तो अपशकुन. आज हे काम करणारे मोजकेच उरले आहेत. त्यांत तानाका मिझुकी ही चित्रकर्तीही आहे.

सेन्तोच्या परंपरेची एक मुळी आपल्याकडे येते. जीवक वैद्याने बुद्धाला आणि भिक्षुसंघाला स्नानाचे आमंत्रण दिल्याची कथा सांगणारे सूत्र चीनमार्गे जपानला पोचले. तिथल्या बौद्ध मठांनी न्हाणीघरे बांधली आणि गरिबांना, आजाऱ्यांना आंघोळ घालणे हे पुण्यकर्म मानले. पुढे एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, 1591 साली पैसे घेऊन आंघोळ देणारे पहिले न्हाणीघर निघाल्याची नोंद आहे. आगीच्या भीतीने आणि पाण्याच्या टंचाईने तिथे घरोघरी न्हाणी नसे, त्यामुळे आळीचा हौद हीच बैठकीची जागा झाली. ऋतूही तिथेच पाळले जातात. 5 मे रोजी पाण्यात शोबूची लांब सुगंधी पाने सोडतात, तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी युझू नावाची लिंबे. आपल्या दिवाळीच्या उटण्यासारखाच हा सणाचा वास.

1968च्या सुमाराला देशात सुमारे 18,000 सेन्तो होते. आता ते 2,000 हूनही कमी आहेत. घराघरांत टब आला, इंधन महागले आणि मालकांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली. घरच्या टबात अंग शेकते, पण एकट्या राहणाऱ्या आजीबाई दोन दिवस दिसल्या नाहीत तर तिथे चौकशी कोण करणार? ही विचारपूस सेन्तोबरोबरच बंद पडते, आणि माझ्या मते खरे नुकसान हेच आहे.

जपानला गेलात तर नामांकित उष्ण झऱ्यांइतकाच वेळ एखाद्या साध्या सेन्तोलाही द्या. पंचा, साबण आणि सुटे पैसे जवळ ठेवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हौदात उतरण्यापूर्वी अंग नीट धुवा. तुमचे 550 येन त्या आळीचे न्हाणीघर चालू ठेवायला हातभार लावतील.