देवाचा दगड, राज्याचा दगड, खात्याचा दगड

गोव्यात म्हापशाहून डिचोलीला जाताना अस्नोड्याची नदी ओलांडली की मुळगाव येतं. नदीच्या अंगाला शेतं, डोंगराच्या अंगाला खाणी. गावाचा इतिहास सांगणारा फलक शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. इथला इतिहास वाटेवरच्या दगडांत आहे, आणि डिचोली-पेडण्यात हे दगड तीन तऱ्हांचे आहेत : देवाचे, राज्याचे आणि खात्याचे.

देवाचा दगड बहुतेक वेळा बिनघडणीचाच असतो. गावच्या शिमेवर, तिठ्यावर किंवा शेताच्या बांधावर, एखाद्या जुन्या झाडाच्या मुळाशी. हा राखणदार. त्याला वर्षाकाठी नारळ, रोट, विडा, कुठे विडीकाडी, कुठे सोऱ्याचा, म्हणजे दारूचा, घोट. चपला काढून उभा राहिलेला गावकार गाऱ्हाणं घालतो, ‘रे म्हाराजा’ म्हणत पिकाची, गुरांची, वाटसरूंची राखण त्याच्यावर सोपवतो, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. खाजन शेतीच्या गावांत याचं मोल वेगळंच. तिथे भरतीचं खारं पाणी अडवतो तो मातीचा बांध. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, लाकडी दारं ओहोटीला उघडतात आणि भरतीच्या रेट्याने आपसूक मिटतात. बांध फुटला की खारवट पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पूर्ववत व्हायला काळ जातो. म्हणून बांधावरचा राखणदार कुठे बसवला आहे ते पाहावं. गावाला धास्ती कुठली होती, ते बहुधा तिथेच कळतं.

शिमेच्या आत ग्रामदेवता. मुळगावची केळबाई, शेजारच्या शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, अशी लोकश्रद्धा. आणखी एक बहीण, मिराबाई, म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली. त्यामुळे लईराईच्या होमकुंडाच्या जत्रेला ख्रिस्ती घरांतही आपलेपणा आहे, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदूंची रीघ लागते. केळबाई या नावाने गोव्यात अनेक ठिकाणी जी शिळा पुजली जाते, ती गजलक्ष्मीची असते : मधे बसलेली देवी, दोन्ही बाजूंनी सोंडेत घट उचललेले हत्ती. पावसावर जगणाऱ्या मुलखाने हीच मूर्ती का जवळ केली, हे वेगळं सांगायला नको.

राज्याचा दगड मात्र अक्षरांनी बोलतो. डिचोली तालुक्यातच नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दारावर शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे, शके १५९०, म्हणजे इसवी सन १६६८ चा. मूळ देऊळ पलीकडच्या दिवाडी बेटावरचं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला. त्या काळी डिचोली पोर्तुगिजांकडे नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली, सत्तरी आणि पेडणे त्यांच्या ताब्यात गेले आणि या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ हे नाव पडलं. त्या राजवटीविरुद्धच्या लढ्याची आठवण सांगणारं स्मारक पेडण्यात पत्रादेवीला आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला; पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच हुतात्मा झाला. त्याआधी फेब्रुवारीत अस्नोड्याचा बाळा राया मापारी पोलिसांच्या कोठडीत मारला गेला होता. मुळगावकरांच्या दृष्टीने तो नदीपलीकडचा शेजारी.

खात्याच्या, म्हणजे सरकारी हद्दीच्या, दगडाकडे पाहुणे पाहतही नाहीत. गावकऱ्यांचं मात्र त्यावर बारीक लक्ष असतं. गोवामुक्तीनंतर जमिनीचा सर्व्हे झाला, हद्दी आखल्या गेल्या, कुळांची नावं जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चढली. पण खाणीच्या हद्दी त्याहून जुन्या. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याखाली दिलेल्या खाणसवलती १९८७ च्या कायद्याने लीज ठरल्या. कागदावर आखलेल्या या रेषांखाली घरं, देवळं, तळी, शेतं आली. खाणीची माती पावसात ओहोळांतून शेतांत उतरू लागली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये न्यायालयाने पुन्हा थांबवल्या. २०२२ मध्ये डिचोली खाणपट्ट्याचा लिलाव झाला. त्यात मुळगावचाही भाग आहे. घरं, देवळं आणि शेती लीजमधून वगळा, ही मुळगावकरांची मागणी तेव्हापासून चालू आहे.

देवाचा दगड काम नेमून देतो : बांध कोणी घालायचा, नारळ कोणी द्यायचा, कोणत्या दिवशी. खात्याचा दगड फक्त मालकी सांगतो. भांडण होतं तेव्हा मात्र खात्याच्या दगडालाच पुरावा मानतात. यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. ग्रामसभेने शिमेवरचा प्रत्येक राखणदार, घुमटी, मानस आणि तळी सर्व्हे नंबरासह एका वहीत उतरवावी. समोर त्या जागेचं काम कोणत्या वाड्याकडे आहे तेही लिहावं. गाऱ्हाणं घालणाऱ्यांना यातली बरीच माहिती तोंडपाठ आहे. ती नोंद खाणीच्या नकाशाशेजारी ठेवली, तर वगळायचं काय, हे दाखवायला गावाकडे स्वतःचा नकाशा असेल.