आजीच्या बटव्यात मापही होतं



कळंबोलीतल्या आमच्या बचत गटात साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, जळगावच्या, लातूरच्या अशा सगळीकडच्या बायका आहेत. कामधंद्यासाठी आपली घरं इथे आली आणि घराबरोबर आजीचा बटवाही आला. हप्त्यांचा हिशोब आटोपला की बैठकीत घरगुती औषधांवर बोलणं निघतंच. खोकल्याला अडुळसा, पोट फुगलं तर ओवा, खरचटलं तर हळद. नावं सगळ्यांना पाठ. पण किती द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि कुणाला अजिबात द्यायचं नाही, असं विचारलं की आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. आज याच विसरलेल्या भागाबद्दल बोलू.

बाळगुटीचंच घ्या. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, जेष्ठमध, खारीक, बदाम. हे सगळं सहाणेवर उगाळायचं. प्रत्येकाचे वेढे ठरलेले असत. खारीक-बदामाचे जास्त, जायफळ-वेखंडाचा एखादाच. वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवणं. एका वेढ्यात जायफळाचा जेमतेम कण उतरतो. म्हणजे सहाण हेच आजीचं माप होतं.

आता घरात सहाण नाही. मिक्सरमधून पूड काढतात आणि चमच्यानं देतात. औषध तेच राहिलं, माप मात्र गेलं. जायफळ जास्त झालं की गुंगी येते, छाती धडधडते. आपल्याला वाटतं, बाळ किती शांत झोपलंय!

आणि एक गोष्ट आजीच्या काळी माहीत नव्हती, ती आज माहीत आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. गुटी नाही, घुटी नाही, वरचं पाणीसुद्धा नाही. सहाण नीट धुतलेली नसेल, पाणी उकळलेलं नसेल, तर त्यातूनच जुलाब लागतात. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवायचा नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात की त्यांचं विष तान्ह्याच्या आतड्यात तयार होतं आणि बाळाचं अंग लुळं पडतं.

घरात हे सांगायचं कसं? सासूबाईंना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. आशाताईंना घरी बोलवा, त्यांच्या तोंडून ऐकू द्या. बाळाला हलक्या हातानं तेल लावणं, पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, ही त्यांची कला आहेच. ती त्यांच्याकडून शिकून घ्या.

आता हळद. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. पेटंट म्हणजे त्या शोधावरचा मालकी हक्क. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण ‘आमची आजी वापरायची’ एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ, छापलेले लेख पुढे ठेवावे लागले. लिहिलेलं होतं, म्हणून टिकलं.

म्हणून आपणही लिहू या. मात्र उपायाशेजारी त्याची हद्दही लिहू. हळद साध्या खरचटण्याला. गंजलेला पत्रा लागला, जखम खोल असली, तर हळद भरत बसायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची.

विंचवाचं तर आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण आहे. कोकणातला लाल विंचू चावला की दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होऊन श्वास लागतो. पाला आणि मंत्र यांत वेळ जायचा आणि माणूस हाताचा जायचा. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे औषध वेळेत पोटात गेलं पाहिजे. साप असो की विंचू, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

तर पुढच्या बैठकीला एक वही आणा. पाच रकाने आखा: उपाय कशावर, काय घ्यायचं, किती आणि किती दिवस, कुणाला नाही, आणि दवाखान्यात कधी जायचं. गटातल्या वयस्कर बायकांना मध्ये बसवा, त्यांना सांगू द्या, शिकलेल्या मुलींनी लिहून घ्यावं. मग ती वही आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. ते ज्यावर काट मारतील, ते सोडून द्यायचं. ज्या उपायाचा पाचवा रकाना रिकामा राहील, तो भरेपर्यंत कुणाला सांगायचा नाही.