मैदानामागची माणसं – लेखांक ७ : कोचला पगार कोण देतं?

ताम्हिणीहून एस.टी.ने पिरंगुटला कॉलेजला जाणाऱ्या आमच्या वाडीतल्या एका मुलीने मागच्या आठवड्यातला पंचांवरचा लेख वाचला आणि मला विचारलं, "काका, फुटबॉलच्या कोचला पगार कोण देतं?" कोच कसं व्हायचं, हे तिने विचारलं नाही. ते तिने मोबाइलवर शोधून ठेवलं असणार. तिला चिंता होती ती महिनाअखेरची. प्रशिक्षकाच्या कारकिर्दीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेखांक तिच्या प्रश्नाला.

उत्तरासाठी आधी एका माणसाची नोकरी बघू. अ‍ॅन्सन डॉरन्स यांचा जन्म ९ एप्रिल १९५१ चा, आपल्या मुंबईतला. वडील तेल कंपनीत अधिकारी. त्यांच्या बदल्यांमुळे मुंबई सुटली आणि पुढचं बालपण केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असं फिरत गेलं. शाळा संपली ती स्वित्झर्लंडमध्ये. त्या काळच्या अमेरिकी मुलांना फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून खेळायचा त्यांचा देशी खेळ आठवे. डॉरन्स मात्र देशोदेशीच्या मैदानांवर आपल्या ओळखीचा फुटबॉल खेळत वाढले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते संघातून खेळले, पुढे कायद्याच्या अभ्यासाला लागले, १९७७ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि कायद्याचा अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला. १९७९ मध्ये त्यांच्याकडे मुलींचा संघही आला. ती नोकरी त्यांनी २०२४ पर्यंत केली. एकच विद्यापीठ, एकच पद, पंचेचाळीस वर्षं.

हे पद आलं कुठून? त्या विद्यापीठात मुली हौशी क्लब म्हणून आधीपासून खेळत होत्या आणि आम्हाला अधिकृत संघाचा दर्जा द्या म्हणून मागे लागल्या होत्या. त्यांच्या पाठीशी एक कायदा उभा होता. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ नावाचं कलम मंजूर झालं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. खेळ हा शब्दसुद्धा मूळ वाक्यात नाही. पण मुलांच्या संघांना मैदान, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च, प्रशिक्षक मिळत असतील तर मुलींना का नाही, हा प्रश्न कोर्टात टिकू लागला आणि विद्यापीठांना मुलींचे संघ काढावे लागले. संघ काढला की प्रशिक्षक नेमणं आलं, आणि नेमला की त्याचा पगार अंदाजपत्रकात आला. मुलींच्या फुटबॉलच्या तिकिटांवर हा खर्च निघत नाही. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत मुलांचं बास्केटबॉल आणि अमेरिकी फुटबॉल टीव्हीच्या हक्कांतून पैसा मिळवतात आणि त्यातून क्रीडा विभागाचे बाकीचे खेळ चालतात. म्हणजे डॉरन्स यांचा पगार क्रीडा विभागाच्या खात्यातून येत होता, आणि त्या खात्याला तो द्यायला भाग पाडत होता कायदा.

पगाराची चिंता नसलेल्या या माणसाने आपल्या वेळाचं काय केलं, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. त्याच विद्यापीठात डीन स्मिथ हे बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावात प्रत्येक कृतीची नोंद होते, हे डॉरन्स यांनी पाहिलं आणि ती रीत मुलींच्या फुटबॉलमध्ये आणली. एकास एक झुंज, धाव, हेडर, गोलवर फटका, जे जे मोजता येईल ते रोज मोजायचं, त्यातून प्रत्येकीचा क्रमांक लावायचा आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. काल कोण कोणाला हरवून गेलं हे आज सकाळी संघाला माहीत. या पद्धतीला तिथे ‘स्पर्धेची भट्टी’ अशा अर्थाचं नाव पडलं. मैत्रिणीला हरवताना मुली हात आखडता घेतात, कारण घरीदारी त्यांना तसंच वळण लावलेलं असतं, असं डॉरन्स यांचं निरीक्षण होतं. सरावात मैत्रिणीशी जिवाच्या आकांताने खेळणं हे वाईट वागणं नव्हे, हे त्यांना मुलींच्या अंगी बाणवायचं होतं. त्याच वेळी संघाची काही मूल्यं ठरवलेली असत. मुलींनी ती पाठ करायची आणि एकमेकींना त्यावर गुण द्यायचे. वर्षाच्या शेवटच्या मोठ्या सामन्याआधी ते संघ सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला स्वतः पत्र लिहीत.

दुसरं मोठं काम निवडीचं. अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकाचा निम्मा वेळ गावोगावच्या शाळांचे आणि क्लबांचे सामने बघण्यात आणि पालकांशी बोलण्यात जातो, कारण शिष्यवृत्त्या मोजक्या असतात. कित्येक वर्षं मुलींच्या फुटबॉलला एका संघामागे चौदा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या चौदांचे तुकडे करून वीस-पंचवीस जणींत कसे वाटायचे, हा दरवर्षीचा हिशेब. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन या त्या संघातून गेल्या. इंग्लंडची लूसी ब्राँझ आणि अलेसिया रुसो यासुद्धा तिथे शिकल्या.

आकडे असे: १९८२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची एकवीस विजेतेपदं, आणि त्याआधी १९८१ मध्ये जुन्या महिला संघटनेच्या स्पर्धेचं एक. मुलींच्या संघाचे नऊशेहून अधिक विजय. १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षं करंडक त्यांच्याकडेच होता. नोकरी सांभाळून ते १९८६ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा त्यांच्या अठरा खेळाडूंपैकी नऊ त्यांच्याच विद्यापीठातल्या होत्या. ग्वांगझू इथल्या अंतिम सामन्यात मिशेल एकर्सच्या दोन गोलांवर त्यांनी नॉर्वेला २-१ असं हरवलं.

आता याच कारकिर्दीतली दुसरी बाजू. ती वगळून लिहिणं मला पटत नाही. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर आणि विद्यापीठावर दावा लावला. प्रशिक्षक सरावात मुलींच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारतात, बोलतात, अशी तक्रार होती. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला, पण काही बोलणी झाल्याचं मान्य केलं. एकीचा दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यात त्यांनी लेखी माफी मागितली. दुसरीच्या दाव्याबाबत अपिली न्यायालयाने २००७ मध्ये ज्युरीसमोर सुनावणी होऊ दिली आणि २००८ च्या आरंभी तोही पैसे देऊन मिटवण्यात आला. कोणाला संघात घ्यायचं, खेळवायचं, शिष्यवृत्ती द्यायची हे सगळं एकाच माणसाच्या हातात, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी त्याला "हे विचारू नका" म्हणू शकत नाही. पंचेचाळीस वर्षं एका पदावर राहण्याने माणसाला जेवढी ताकद मिळते, तेवढाच हा धोका वाढतो. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. मुलीला घराबाहेर खेळायला पाठवणाऱ्या आईबापांनी त्या समितीतल्या सदस्यांची नावं माहीत करून घ्यावीत.

डॉरन्स ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम सुरू व्हायला काहीच दिवस असताना निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नाहास यांनी संघ हाती घेतला आणि त्याच डिसेंबरमध्ये विद्यापीठाने राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचं बाविसावं विजेतेपद मिळवलं. माणूस गेला तरी पद, मैदान, शिष्यवृत्त्या आणि सरावाची घडी जागेवर होती.

आणखी एक गोष्ट मला बोचते. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या दहापैकी नऊ संघांना स्त्रियाच शिकवत होत्या, बहुतेकदा फुकट किंवा नाममात्र मानधनावर. कायद्याने पैसा आला, तसे पुरुष त्या पदांवर येऊ लागले. २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर घसरलेलं दिसलं. मुलींना खेळायला मिळालं, पण शिकवायची खुर्ची मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातून गेली. आपण अशी पदं निर्माण करू लागलो, तर ही गोष्ट आधीच लक्षात ठेवायला हवी.

शिकवायच्या खुर्चीवर बाई बसली की काय होतं, याचं उत्तर ताम्हिणीपासून फार लांब नाही. आमच्या रस्त्याने पौड, पिरंगुट करत चांदणी चौकात गेलं की तिथून बालेवाडी जवळच. फेब्रुवारी २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचा उपांत्य सामना तिथल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला. चीनने जपानला पेनल्टीवर हरवलं आणि तीन दिवसांनी नवी मुंबईत दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी मागे असताना ३-२ असा चषक जिंकला. चीनच्या प्रशिक्षक होत्या श्वे छिंगश्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या चिनी संघात त्या खेळल्या होत्या.

भारतीय महिला संघाची धुराही अशीच एका माजी खेळाडूकडे होती. गोव्याच्या मेमॉल रॉकी भारताकडून खेळल्या, मग सहायक प्रशिक्षक झाल्या आणि २०१७ मध्ये मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या काळात २०१९ च्या मार्चमध्ये विराटनगरला नेपाळला ३-१ हरवून भारताने सलग पाचव्यांदा दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक घेतला, आणि डिसेंबरमध्ये पोखऱ्याला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मंडालेत ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत इंडोनेशिया आणि नेपाळला हरवून म्यानमारशी ३-३ बरोबरी झाली आणि गोलफरकाने संघ बाहेर पडला. जुलै २०२१ मध्ये वैयक्तिक कारणासाठी त्यांनी पद सोडलं आणि त्यांच्या जागी स्वीडनचे टॉमस डेनर्बी आले. इथे पगार देणारा होता अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. देशभरात अशी खुर्ची एकच, आणि तिच्यावरचा कार्यकाळ चार वर्षांचा.

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड जुनं आहे. त्याच तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर खेळाडू म्हणून सुरुवात करून आशियाई महासंघाचं ‘ए’ लायसन्स मिळवत्या झाल्या. त्यांनी राष्ट्रीय महासंघात अगदी लहान मुलामुलींच्या फुटबॉलचा विभाग सांभाळला आणि पुढे गोव्याच्या डेम्पो क्लबच्या युवा विभागाचं काम पाहिलं. त्यांचा मार्ग महासंघ आणि क्लब असा गेला. महाविद्यालय त्यात कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

आपल्या अनुदानित महाविद्यालयात साधारण एक पद असतं, शारीरिक शिक्षण संचालकाचं. कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, बॅडमिंटन, फुटबॉल, मुलं, मुली, प्रवेशाच्या क्रीडा कोट्याचे कागद, हे सगळं त्या एका माणसावर. आंतरविद्यापीठ पश्चिम विभाग स्पर्धेसाठी विद्यापीठाचा मुलींचा संघ निवडला जातो, काही दिवसांचं शिबिर होतं, त्या शिबिरापुरता प्रशिक्षक येतो, स्पर्धा संपली की जातो. त्यातली चांगली खेळाडू पुढच्या वर्षी कोणाकडे शिकेल, हे कोणालाच ठाऊक नसतं. खेळाडूला सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आपल्या राज्याने दिलं आहे, तो निर्णय मोलाचा आहे. पण तो खेळून झालेल्या मुलीला कचेरीत नेतो, मैदानावर परत आणत नाही.

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकड्यांवर मोठी खासगी विद्यापीठं आहेत. इकडे आमच्या बाजूला सपाट जमीन म्हणजे भातखाचर, आणि खोऱ्यातली चांगली सपाट जमीन टाटांच्या धरणाने शंभर वर्षांपूर्वीच पाण्याखाली नेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच जमिनीसाठी होता. पावसाचे चार महिने तर इथे चेंडू पाण्यावर तरंगेल. म्हणून मी मैदान मागत नाही, एक पद मागतो. तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून मुलींच्या फुटबॉलसाठी एक पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावी, किमान पाच वर्षांच्या करारावर. मैदान लवळ्याचं, पिरंगुटचं, ज्याचं मोकळं असेल त्याचं. खर्च वाटून घ्यावा. हे पद पहिल्या वर्षीच करंडक आणणार नाही आणि आणावं अशी अटही नसावी.

वाडीतल्या त्या मुलीला मी आत्ताचं उत्तर असं दिलं. क्लब देतो, खासगी शाळा आणि अकादमी देतात, महासंघ मोजक्यांना देतो, महाविद्यालय अजून देत नाही. यातल्या कोणाच्याही दारात जाताना हातात लायसन्स लागतं. आपल्याकडे ‘डी’ लायसन्स पहिलं, मग आशियाई महासंघाचं ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’. दर दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून पहिली पायरी कॉलेजात असतानाच चढावी आणि सुटीत गावच्या शाळेतल्या मुलामुलींना शिकवायला लागावं. ‘डी’च्या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात आणि मराठी माध्यमातल्या मुलीला तो कितपत झेपतो, हे पुढच्या लेखांकात.