उपासनेला पहिल्यांदा जाताना

कर्जत-खालापूरकडून रेल्वेने पुणे ओलांडलं की दौंडच्या वाटेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. १९०५ मध्ये तिथे झालेल्या प्रार्थना-जागृतीची वार्ता परदेशांतही पोहोचली.

मुक्ती मिशनसारख्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळीत मूर्तिपूजा नसते. भर असतो गाण्यांवर आणि बायबलवरच्या लांबलचक संदेशावर. मराठी उपासनेत ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर रंगतात. केवळ त्यांच्यासाठीही जावं, इतकी ती गोड आहेत. काही ठिकाणी सगळेच एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. बावरू नका, शांत बसलं तरी चालतं. अर्पणाची थैली आली तर नुसती पुढे द्यावी, पाहुण्यावर सक्ती नसते. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मात्र विश्वासणाऱ्यांसाठी. निरोप घेताना ‘जय ख्रिस्त’ म्हणतात.