तीन पिपांभोवती

घोड्याला अधिक वेगाने धावावयास शिकवावयाचे म्हणजे त्याला वरचेवर भरधाव पिटाळावयाचे, ही समजूत इतकी रूढ आहे की, टेक्सासमधील स्टीफनव्हिल गावाबाहेरच्या ज्या पागेत पीप-शर्यतीचे घोडे तयार होतात, तिच्या कुंपणाशी अनेक सकाळी उभे राहूनही चौखूर सुटलेला घोडा क्वचितच दृष्टीस पडावा, याचे मला प्रथम नवल वाटले. पुढे खेळाचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा त्या संथपणामागील शास्त्र ध्यानात आले.

1948 साली सॅन अँजेलो येथे 38 स्त्रियांनी रोडिओची, म्हणजे गुराखी-कौशल्याच्या स्पर्धांची, आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली, आणि व्यावसायिक रोडिओत पीप-शर्यतीचा प्रकार आजही मुख्यत्वे स्त्रियांचाच आहे. त्याचा जाबता साधा आहे. मैदानात 55 गॅलनांची तीन पिपे त्रिकोणात उभी करतात. पहिल्या दोहोंत 90 फुटांचे अंतर, तिसरे त्या प्रत्येकापासून 105 फुटांवर, आणि प्रारंभरेषा पहिल्या दोहोंच्या अलीकडे 60 फुटांवर. घोड्याने एका पिपाला एका बाजूने व उरलेल्या दोहोंना दुसऱ्या बाजूने वळसा घालून रेषेवर परतावयाचे. पीप पडले तर 5 सेकंदांचा दंड. पूर्ण मापाच्या मैदानावर 17 सेकंदांच्या आसपासची फेरी उत्तम गणली जाते. आता या मार्गातील सरळ अंतरांची बेरीज भरते सुमारे 425 फूट. आणि ज्याच्या नावातच पाव मैलाची दौड आहे तो क्वार्टर हॉर्स सपाट मैदानावर पाव मैल 22 सेकंदांच्या आत तोडतो, म्हणजे सेकंदाला 60 फूट. त्या मानाने सरळ अंतराला 7 सेकंद पुरावेत. उरलेले 10 सेकंद वेग आवरण्यात, वळण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात खर्च होतात. जी काही बचत साधावयाची ती या खात्यातच.

एके दिवशी एक तरुण मुलगी आपला कुमाईत रंगाचा आख्ता घोडा घेऊन पागेत आली. घोडा मंद झाला आहे, ही तिची तक्रार. पागेच्या बाई जातिवंत चाबुकस्वार. पण ती फिर्याद दाखल करून घेण्यापूर्वी त्यांनी घोड्याच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत तळवा दाबीत नेला, आणि खांद्यामागे एका ठिकाणी त्याची कातडी थरारताच खोगीर मागविले. ते खांद्यांवर अरुंद होते. मग दात पाहण्यासाठी पशुवैद्याला व वाढलेल्या खुरांसाठी नालबंदाला निरोप गेला. पाठ, दात किंवा मागला गुडघा दुखत असला की घोडा सरळ रेषेत कदाचित ते लपवील. वळणावर मात्र शरीराचा सारा भार मागल्या पायांवर घेण्याचा प्रसंग येताच तो अंग चोरतो व वळसा रुंद करतो, आणि त्यालाच अजाण स्वार आळस समजतो.

दुखणे निवाल्यावर शिक्षणास आरंभ झाला तो पाऊलचालीने. पिपाजवळ येताना घोडा व पीप यांच्यामध्ये चारपाच फुटांची जागा मोकळी ठेवावयाची, जिला तेथे ‘पॉकेट’ म्हणतात. वळणाचा शेवट मात्र पिपाला बिलगून करावयाचा, म्हणजे बाहेर पडताना पुढल्या पिपाची वाट आपोआप सरळ मिळते. वळणाच्या किंचित आधी मुलगी खोगिरात खोल बसे, आणि त्या खुणेसरशी घोड्याने पुठ्ठे खाली घेऊन वेग आवरावा, अशी अपेक्षा असे. ही खूण पक्की होईपर्यंत दुडकी नाही, आणि दुडकीत ती टिकेपर्यंत मंद दौड नाही. दौडीत आणखी एक कलम वाढते: उजव्या वळणाला उजवा पुढला पाय आघाडीवर हवा, डाव्याला डावा, म्हणून पहिल्या व दुसऱ्या पिपांमधील अंतरातच घोड्याने आघाडीचा पाय बदलला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या वळणावर अडखळतो.

मुलीची दृष्टी वारंवार पिपाकडे वळे. दृष्टीमागोमाग खांदा झुके, आणि खांद्यामागोमाग घोडाही आत ढळे. “पिपाकडे पाहू नकोस,” बाई म्हणाल्या, “ते कोठे जात नाही. जेथे जायचे आहे तेथे पाहा.”

पिपांवरचा सराव थोडाच असे. उरलेले दिवस कुरणातून लांब दुडकी, चढावरची चाल, आणि अधूनमधून सरळ वाटेवर एखादी छोटी धाव व तिच्यानंतर भरपूर विसावा, असा क्रम चाले. दम व स्नायू लवकर सुधारतात. स्नायुबंध आणि हाडे यांना महिन्यांची मुदत द्यावी लागते. शिवाय तीन पिपांचा तोच नकाशा रोज धावडविलेला घोडा खूण येण्याआधीच वळू लागतो, आणि पीप पाडतो.

तथापि नकाशा अंगी मुरणे किती मोलाचे, याचा दाखलाही याच खेळात आहे. 1985 साली लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत शार्मेन जेम्स यांच्या स्कॅम्पर या घोड्याच्या डोक्यावरून लगाम निसटला, तरी त्याने वळणे यथासांग घेऊन ती फेरी जिंकली. 1984 ते 1993 अशी सलग दहा विश्वविजेतेपदे या जोडीच्या नावावर आहेत. लगामाने ओढून आणलेले वळण असे संकटात टिकले नसते.

अखेर कुमाईताला पूर्ण वेगाने सोडण्याची परवानगी मिळाली. फेरी संपताच मुलगी घड्याळाकडे धावली. बाई मात्र मैदानात उतरून रेतीतले खुरांचे ठसे पाहू लागल्या. पहिल्या व तिसऱ्या पिपापाशी मागल्या पायांचे ठसे खोल आणि एका गोलात उमटले होते; दुसऱ्यापाशी ते हातभर बाहेर सरकले होते. मुलीने सांगितलेली वेळ पूर्वीपेक्षा चांगली होती. बाईंनी ती नोंदवहीत टिपली, आणि खाली पुढल्या आठवड्याचा हुकूम लिहिला: धाव बंद, फक्त दुसरे पीप, पाऊलचालीने.