झोपेचे तास आणि लिपिड प्रोफाइल
रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड १५०च्या वर दिसले की पहिला आळ येतो तो साजूक तुपावर. रात्री किती वाजता आडवे होता, हे सहसा कोणी विचारत नाही. जपानच्या २००३ सालच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली, तेव्हा सहा-सात तास झोपणाऱ्या बायकांपेक्षा फार कमी झोपणाऱ्यांत आणि फार जास्त झोपणाऱ्यांतही ट्रायग्लिसराइड वाढलेले किंवा एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, घटलेले जास्त आढळले. पुरुषांचे चित्र मात्र वेगळे होते.

अपुऱ्या झोपेचा धागा बराचसा उलगडतो. जागरणाने भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन उतरते आणि रात्री साडेबाराला फरसाणाचा डबा उघडतो. शिवाय इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मग यकृत रक्तात जास्त चरबी सोडते.

जास्त झोपेचे कोडे निराळे. थायरॉइड मंदावले की माणूस पेंगतो आणि कोलेस्टेरॉलही चढते. अशा वेळी गजर लवकरचा लावण्याआधी थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घेतलेली बरी.